फिटरचा हात

मला लोक कवी म्हणून ओळखतात. कविसंमेलनाच्या पत्रिकेत नावापुढं 'बी.ए., सिरोंचा' एवढंच छापलेलं असतं. पण माझ्या आयुष्याची बावीस वर्षं पाना, कानस आणि ग्रीस यांच्या संगतीत गेली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मी फिटर होतो. कारखान्यातली यंत्रं बसवायची, ती चालती ठेवायची आणि बिघडली की खोलून पुन्हा जुळवायची, हा माझा धंदा. आकाशवाणीवाल्यांनी कवितेवर बोला म्हटलं, तेव्हा मी विनंती केली की या वेळी मला या धंद्याबद्दल बोलू द्या. त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगेन.

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. प्राणहिता इथं गोदावरीला मिळते. नदीपलीकडे तेव्हा आंध्र प्रदेश होता, २०१४ पासून तेलंगणा आहे. आमच्या घरात दखनी, दुकानात तेलुगू, शाळेत मराठी आणि आठवडी बाजारात माडिया, अशा चार भाषा कानावर पडत मी वाढलो. अब्बांची पीठगिरणी होती. तिथंच धानही कांडलं जाई. गिरणी चालायची ती तेलाच्या इंजिनावर. दोन बाजूंना दोन जड चाकं, मध्ये पाण्याची टाकी आणि धुराच्या नळीच्या तोंडावर बसवलेला पत्र्याचा डबा. तो डबा टुक-टुक वाजला की सगळ्या वस्तीला कळायचं, गिरणी सुरू झाली, दळण घेऊन निघा.

अब्बा आत ताटावर बसलेले असले तरी त्यांचा कान इंजिनाकडे असे. टुक-टुकमध्ये जरा खंड पडला की घास तसाच ठेवून ते उठायचे. अम्मी चिडायची. ते म्हणायचे, "आज पाच मिनिटं उठलो नाही, तर उद्या पाच दिवस बसून राहावं लागेल." ते खरंच होतं. गोदावरीवरचा पूल २०१६ साली झाला. त्याआधी एखादा सुटा भाग मोडला की नावेनं नदी ओलांडायची, पलीकडे बस पकडायची आणि मंचेरियाल किंवा वरंगळ गाठायचं. पावसाळ्यात नाव बंद. म्हणजे गिरणी बंद, म्हणजे गावाचं पीठ बंद. यंत्र मोडल्यावर दुरुस्त करणं ही दुसरी पायरी आहे, ते मोडू न देणं ही पहिली, हे मी कुठल्याही पुस्तकाआधी तिथं शिकलो.

दहावी-बारावी करून १९८८ साली मी चंद्रपूरला आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गात दाखल झालो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी मोठमोठी यंत्रं हाताळायला मिळतील. हातात मिळाला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आणि कानस. शिकंज्यात तुकडा आवळायचा आणि घासायचा. किती दिवस? तो सपाट होईपर्यंत. सपाट झाला हे कसं ओळखायचं? त्यावर गुण्या उभा धरून उजेडाकडे बघायचं. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची रेघ दिसली, तर तिथं खड्डा आहे. पुन्हा घासा. माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले आणि तरीही पात्याखालून उजेड येतच होता.

फिटर या शब्दाचा अर्थच या घासण्यात आहे. दीड-दोनशे वर्षांपूर्वी यंत्राचे दोन भाग एकमेकांत थेट बसत नसत. कारागीर ते कानशीनं घासून, लावून बघून, पुन्हा घासून 'फिट' करी. एका बोल्टची नट दुसऱ्या बोल्टला चालेलच याची खात्री नसे. इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकारानं स्क्रूचे आटे सगळीकडे एकसारखे असावेत, असा प्रस्ताव मांडला. आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला एका इंचात किती आटे, हे त्यानं ठरवून दिलं. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर अजूनही हे व्हिटवर्थ आटे सापडतात. नव्या यंत्रांवर मेट्रिक आटे, त्यांचा कोन ६० अंश. अर्ध्या इंचाचा बोल्ट आणि १२ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्याला जवळजवळ सारखेच दिसतात. नवखा पोरगा एकाची नट दुसऱ्याला जबरदस्तीनं लावतो आणि आटे मारून टाकतो. पहिल्या वर्षी मीही मारले आहेत.

आयटीआय संपल्यावर शिकाऊ उमेदवार म्हणून मी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात वर्षभर होतो. हा कारखाना लाला करमचंद थापर यांच्या कंपनीचा. कंपनीची स्थापना १९४५ सालची. आमच्या जंगलातला बांबू तिथं जायचा. लहानपणापासून ज्या ट्रकांच्या मागे आम्ही पोरं धावायचो, ते कुठं जातात ते तेव्हा कळलं. बांबूचे आधी बारीक तुकडे करतात. ते मोठ्या बंद भांड्यात क्षाराच्या द्रावणात वाफेच्या दाबाखाली शिजवतात. मग तो लगदा धुतात, पांढरा करतात आणि भरपूर पाण्यात कालवतात. यंत्राच्या जाळीवर येतो तेव्हा त्यात शंभरात जवळपास नव्याण्णव भाग पाणी असतं. ते पाणी आधी जाळीतून गळतं, मग रुळांच्या दाबानं पिळून निघतं आणि उरलेलं वाफेनं तापलेल्या मोठमोठ्या सिलिंडरांवर सुकतं. या टोकाला पांढरं पाणी, त्या टोकाला कागद.

आता यात फिटर कुठं आला? ते सिलिंडर, ते रूळ सगळे एकमेकांना समांतर हवेत. एक रूळ केसाएवढा तिरका झाला तरी ओला कागद एका कडेला ताणला जातो आणि फाटतो. कागद फाटला की सगळं थांबतं. म्हणून कोऱ्या कागदावर कविता लिहायला बसलो की मला अजून वाटतं, या पानामागं कुणीतरी पाणसळ आणि डायल गेज घेऊन पालथा पडला असेल.

केसाएवढा म्हणजे किती, तेही सांगतो. सुतारकामात आपण 'एक सूत' म्हणतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. माणसाचा केस मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका जाड असतो. फिटरच्या मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. मोटर आणि पंप एकमेकांना जोडायचे, तर दोघांचे दांडे एका सरळ रेषेत यावे लागतात. एक बैल उंच आणि एक बुटका असला की जू तिरकं होतं आणि दोघांच्या माना सोलवटतात. तसंच हे. मिनिटाला चौदाशे-पंधराशे फेरे घेणाऱ्या दांड्यांमध्ये मिलिमीटरचे पाच-सात शतांश फरक राहिला, तरी हळूहळू कपलिंग झिजतं, बेअरिंग तापतं, बोल्ट सैल होतात. आम्ही एका दांड्यावर डायल गेज बांधायचो, दांडा हातानं फिरवायचो, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे काटा किती हलतो ते खडूनं लिहायचो आणि मोटरच्या पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवायचो. त्या पट्ट्यांना शिम म्हणतात. आता हे काम लेसरच्या किरणानं होतं, आकडे पडद्यावर येतात. पण पट्टी सरकवायला अजून माणसाचाच हात लागतो.

तिथल्या उस्तादांनी मला बेअरिंग बसवायला शिकवलं. बेअरिंगचं भोक दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवलेलं असतं, म्हणजे ते घट्ट बसावं. मग ते चढवायचं कसं? मी हातोडा उचलला, तर उस्तादांनी तो काढून घेतला. म्हणाले, "गावात बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलीस का? लोहार काय करतो?" लोहार लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवतो. तापून ती फुगते, लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी टाकलं की आवळते. बेअरिंगचंही तेच. तेलात ठेवून ते शंभर अंशांच्या आसपास तापवायचं. १०० मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापलं की मिलिमीटरच्या जवळपास दहाव्या भागानं मोठं होतं. तेवढ्यात दांड्यावर सरकवायचं आणि थंड होऊ द्यायचं. मात्र १२० अंशांच्या वर न्यायचं नाही, नाहीतर पोलादाचा कस जातो.

उस्तादांची दुसरी शिकवण कानाची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. ग्रीस संपलेलं कुरकुरतं. आतली गोळी झिजली असेल तर ठराविक वेळानं टक् असा आवाज येतो. तिसरी शिकवण तळहाताची. बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवून पाच-दहा सेकंद सहन होत नसेल, तर ते साठ अंशांच्या पुढं गेलं आहे, असं समजायचं. आणि लोकांना वाटतं तसं ग्रीस जितकं जास्त तितकं चांगलं, असंही नाही. ठासून भरलेलं ग्रीस आतल्या आत घुसळलं जातं आणि त्यानंच बेअरिंग तापतं. आता कंपनं मोजणारी उपकरणं निघाली आहेत. ती कानाला कळायच्या आधी बिघाड सांगतात. पण त्यांचं सांगणं कुणीतरी मनावर घ्यावं लागतं.

इथून पुढचं सांगणं मला जड जातं. पण त्यासाठीच मी आज बोलायला आलो.

शिकाऊ उमेदवारी संपल्यावर मी दुसऱ्या एका कारखान्यात लागलो. त्याचं नाव घेत नाही. दिवसा काम, रात्री अभ्यास, असं करून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं ते याच काळात. १९९६ साली पावसाळ्यात माल वाहून नेणाऱ्या एका पट्ट्याच्या शेवटच्या पुलीतून मला तो आवाज ऐकू आला. टक्, टक्. मी स्क्रूड्रायव्हर लावून खात्री केली. सुपरवायझरला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, रविवारी बंद घेऊ, तोवर ढकला. मी ढकललं. नोंदवहीत लिहायला हवं होतं. नोंद केली असती तर कुणालातरी सही करावी लागली असती आणि सही करणाऱ्यानं विचार केला असता. पण वरिष्ठांना अडचणीत कशाला आणायचं, म्हणून मी लिहिलं नाही.

शुक्रवारी रात्री ते बेअरिंग जाम झालं. पट्टा थांबला, माल तुंबला. मी आणि माझा मदतनीस तिथं पोचलो. तो अहेरीकडचा, विशीतला पोरगा, सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेला. मी बटण दाबून पट्टा बंद केला आणि त्याला म्हणालो, "बंद आहे. हात घाल, तो अडकलेला तुकडा ओढ."

बटण बंद होतं. पण वीज बंद नव्हती. फ्यूज काढलेले नव्हते, मुख्य स्विचला कुलूप नव्हतं, 'काम चालू आहे' अशी पाटी नव्हती. पलीकडच्या खोलीतून हाच पट्टा सुरू करायचं दुसरं बटण होतं. तिथल्या माणसाला वाटलं, आमचं झालं. त्यानं ते दाबलं. पुली अर्धा फेरा फिरली असेल, फार तर. त्या अर्ध्या फेऱ्यात पोराच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी माझं फडकं त्याच्या हाताला बांधलं, त्याला दवाखान्यात नेलं. चौकशी झाली. चौकशीत मला कुणी दोष दिला नाही. दोष त्या पोराच्या निष्काळजीपणावर गेला. मीही तेव्हा उठून सांगितलं नाही की, हात घाल असं मी म्हणालो होतो. तो गावी परत गेला. मी पुढं २०१३ पर्यंत नोकरी केली, मग सिरोंच्याला येऊन शेतीपंप दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. पुष्कळ कविता लिहिल्या. त्या रात्रीवर एकही लिहिता आली नाही.

कुणी म्हणेल, यंत्रं नवी झाली, आता असं होत नाही. आमच्या नदीपलीकडे कन्नेपल्लीला गोदावरीचं पाणी वर अन्नारम बंधाऱ्याकडे चढवणारं पंपगृह आहे. कालेश्वरम प्रकल्पाचा तो पहिला टप्पा, २०१९ साली सुरू झालेला. तिथल्या एकेका पंपाची ताकद ४० मेगावॉट. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या पाच अश्वशक्तीच्या दहा हजारांहून अधिक मोटरी एका जागी. जुलै २०२२ च्या महापुरात आमची गावं पाण्यात होती तेव्हा त्या पंपगृहातही पाणी शिरलं, संरक्षक भिंत कोसळली आणि पंप बुडाले. नंतर ते खोलायचे, सुकवायचे, पुन्हा रेषेत आणायचे, हे काम माणसांनीच केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथून जवळच मेडीगड्डा बंधाऱ्याचे काही खांब खचले. यंत्र कितीही मोठं असो, त्याच्या पोटात शिरून हात घालणारा एक माणूस असतोच. तो ज्या क्षणी हात घालतो, त्या क्षणी त्याचा जीव दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाखाली असतो.

आता ते कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात अहेरीच्या बसस्थानकावर एका माणसानं मला हाक मारली, "मिस्त्री!" ती हाक ऐकूनच मी ओळखलं. त्यानं डावा हात पुढं केला. एकोणतीस वर्षांनी आम्ही भेटत होतो. चहा घेतला. मी धीर करून म्हणालो, त्या रात्री चूक माझी होती. तो म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री, तुम्हीच तर फडकं बांधलं होतं." मग तो म्हणाला की त्याचा धाकटा मुलगा आयटीआयला आहे, फिटरच्या वर्गात. आता चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना झाला आहे, सूरजागडला खाण आहे, पोरांना जवळ काम मिळेल अशी आशा आहे. "त्याला काय सांगू? तुम्ही सांगा."

मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. आज सांगतो. त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्या पोरांना. कंत्राटदाराकडे रोजानं जाणाऱ्यांना तर आधी.

पहिली गोष्ट, ऐकलेलं लिहून ठेव. यंत्राचा आवाज बदलला, की तारीख, वेळ घालून नोंदवहीत लिही. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. लिहिल्यानं कुणी रागावलं तर रागावू दे.

दुसरी गोष्ट, बटणावर विश्वास ठेवू नकोस. हात घालण्याआधी मुख्य स्विच बंद कर, त्याला स्वतःचं कुलूप लाव, पाटी टांग, मग यंत्र सुरू करायचा प्रयत्न करून बघ आणि ते सुरू होत नाही याची खात्री कर. चार माणसं काम करत असतील तर स्विचला चार कुलपं हवीत. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज येता कामा नये. अडकलेला माल, उचललेलं वजन, भरलेली वाफ किंवा दाबलेली हवा वीज नसतानाही हलू शकते. तीही आधी मोकळी कर.

तिसरी गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. तू उस्ताद झालास आणि तुझ्या हाताखाली पोरगा आला, तर 'बंद आहे, हात घाल' असं त्याला कधी म्हणू नकोस. त्याला स्विचपाशी ने, त्याच्या हातानं त्याचं कुलूप लावू दे. आणि कधी चूक झालीच, तर चौकशीत उभा राहून आपली चूक आपल्या तोंडानं सांग. ती नंतर सांगून उपयोग नसतो.

मागच्या महिन्यात तो मुलगा सिरोंच्याला माझ्या दुकानात आला होता. पिशवीतून त्यानं लोखंडाचा चौकोनी तुकडा काढला, वर्गातलं त्याचं पहिलं काम. मी गुण्या लावून दाराकडे धरला. एका कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ दिसली. त्यालाही ती दिसली. "अजून घासतो," तो म्हणाला. मी गल्ल्यातून एक पितळी कुलूप काढून त्याला दिलं. त्या रात्रीनंतर मी ते विकत घेतलं होतं आणि नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत वापरलं होतं. त्यानं विचारलं, "चावी दोन आहेत, एक कुणाजवळ ठेवायची?"

दुसरी चावी मी त्याच्यादेखत शिकंज्यात धरली आणि हॅक्सॉनं कापून टाकली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)